पिसदुऱ्याचं शेण

वैजयंती रामटेके फरिदाबादच्या एका सरकारी कचेरीत जीवाश्मांचं भांडार सांभाळते. जुने भांडारपाल निवृत्त झाले तेव्हा "सायन्सवालं कुणी आहे का?" अशी हाक हिशेब शाखेपर्यंत आली. तिथे काम करणारी वैजयंती वरोऱ्याहून बी.एस्सी. झाली होती, तीही वनस्पतिशास्त्रात. साहेबांना तेवढं पुरलं.

भांडारात हत्तीच्या सुळ्यांना मान होता. पाहुणे त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. कोपऱ्यातल्या कपाटाकडे मात्र कुणी फिरकत नसे. वैजयंतीनं ते उघडलं, खोक्यावरची चिठ्ठी वाचली आणि एकटीच हसत सुटली. चिठ्ठीवर गाव होतं पिसदुरा, तिच्या माहेरच्या तालुक्यातलं. आत होतं डायनासोरचं शेण. कोट्यवधी वर्षांत दगड झालेलं, तरी पाहताक्षणी ओळखू येणारं.

"दिल्लीत माहेरचं कुणी नाही म्हणून मी किती रडले होते," ती रात्री जेवताना नवऱ्याला, बळवंतला म्हणाली. "आणि हे इथेच होतं!"

मग तिनं त्या कपाटाचा ध्यास घेतला. एकेक तुकडा मऊ ब्रशनं साफ करायचा, फोटो काढायचा, बिनरंगी नेलपॉलिशचा ठिपका देऊन त्यावर नंबर घालायचा, वरून पुन्हा एक हात. नेलपॉलिश ती करोल बागेतून डझनावारी आणायची.

"मॅडम, पार्लर खोला है क्या?" दुकानदारानं विचारलं.

"नहीं भैया, पत्थरों को लगाना है."

त्यानं सूट जास्त दिली.

आर. के. पुरमच्या घरी सासूबाई गंगुबाई होत्या. "डायनासोरचे अवशेष" एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी सगळ्या कॉलनीत दवंडी पिटली, "माझ्या सुनेच्या ताब्यात डायनासोर आहे." नातीला, श्रावस्तीला एक दिवस राहवलं नाही.

"आजी, डायनासोर नाही यार. त्याची पॉटी!"

गंगुबाईंना आधी पॉटी कळेना. कळल्यावर त्या पदर तोंडाला लावून बसल्या. "लोकांच्या सुना फायली सांभाळतात. आमची शेण सांभाळते, तेही सरकारी." पुढे बरेच दिवस त्या खाली बागेत बायकांत बसायला गेल्या नाहीत.

त्याच सुमारास वैजयंती नात्यातल्या लग्नाला नागपूरला गेली. परतली तर कचेरी नव्या नवरीसारखी नटलेली. वरिष्ठांची पाहणी व्हायची होती. फाटकाशी झेंडूचा वाफा आणि त्याच्या कडेनं गोल दगडांची रांग, एक गेरूचा, एक चुन्याचा. ती कौतुकानं पुढे गेली, थबकली, मागे आली. एका दगडाला ओळखीचं वेटोळं होतं. तिनं तो उचलून नखानं रंग खरवडला; पिसदुऱ्याचाच तुकडा.

माळी धावत आला. "मॅडम, कमरे में सफेदी हो रही थी. सामान बाहर पड़ा था. बोले, फालतू पत्थर हटाओ. इतने गोल-गोल थे, फेंकने का मन नहीं हुआ."

त्याला रागवावं तरी कसं? त्याचंही त्यांच्यावर मन बसलं होतं.

संध्याकाळी ती लाल-पांढऱ्या हातांनी घरी आली आणि न जेवता बसून राहिली.

"शेणासाठी रडतेस?" गंगुबाईंनी विचारलं.

"एकेक तुकडा हातानं पुसला होता आई."

सकाळी गंगुबाई लुगडं खोचून, डबा घेऊन दारात उभ्या. "चल. गेरू कसा निघतो ते पाहू."

कचेरीच्या प्रमुख मीनाक्षी मॅडमना आधीच ओशाळल्यासारखं झालं होतं. त्यांनी आजींना आत घेतलं, वर चहाही पाठवला. पाण्याचे टब मांडले गेले. माळीही ब्रश घेऊन बसला. रंग निघाला तसे नेलपॉलिशखालचे नंबर जसेच्या तसे वर आले. ज्यांच्यावर नंबर घालायचे राहिले होते, ते फोटोंशी ताडून पाहायचे. या कामात गंगुबाई रमल्या. एक फोटो, एक तुकडा, डोळ्यांजवळ धरायचा, फिरवायचा. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा वैजयंती चुकली तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.

"अगं, हा त्याच जनावराचा नाही. हा अंगानं बारीक दिसतो."

"क्या बोल रही हैं माताजी?" माळ्यानं विचारलं.

"बोल रही हैं, दूसरे का है," वैजयंती म्हणाली. तिघंही हसू लागले.

एक तुकडा काही सापडला नाही. बाकीचे आपापल्या खोक्यांत परतले. कपाटाला कुलूप लागलं आणि माळ्याला वाफ्यासाठी विटा मिळाल्या.

हिवाळ्यात अपूर्वा नावाची एक संशोधक लखनौहून आली. वैजयंतीनं बरीच घासाघीस करून तिला एकच तुकडा कापू दिला. काही आठवड्यांनी तिचा फोन आला. त्या तुकड्याच्या पातळ चकतीत सूक्ष्मदर्शकाखाली पानांचे बारीक अंश दिसले होते. वैजयंती घरी येऊन चपला काढायच्या आधीच ओरडली, "आई, त्यात पानं सापडली!"

गंगुबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी बाजूला ठेवली.

"म्हणजे पोटभर चरत होतं बिचारं," त्या म्हणाल्या, आणि ही बातमी सांगायला खाली बायकांत गेल्या.