समासातलं चौथं वचन

भिंगकाकांना छापखान्यात त्यांच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. मी कामाला लागले तेव्हा ते मुद्रितं तपासण्याच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसले होते आणि एकोणीस वर्षांनंतरही तिथेच होते. हातात भिंग, कानावर लाल पेन्सिल. आमचं काम जोडीचं. मूळ प्रत धरून मी मोठ्यानं वाचायचं, अगदी स्वल्पविरामासकट, आणि छापलेल्या कच्च्या पानावर त्यांनी बोट फिरवत बघायचं. आमच्याकडे मुख्यतः पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, छापलं जाई. मी काही श्रद्धाळू बाई नाही. वर्षानुवर्षं स्वल्पविराम वाचून माणसाची श्रद्धा कितपत टिकते, ते मला विचारा.

काकांची मात्र टिकली होती. शास्त्रातलं अक्षर न् अक्षर देवाच्या श्वासातून आलं, लिहिणारे नुसते बोरू, असं ते म्हणत.

"आणि तपासणारे?" मी चिडवायची.

"तपासणाऱ्यानं मध्ये येऊ नये, एवढंच."

घरी त्यांची थोरली बहीण. लहानपणच्या तापात दोन्ही पाय गेलेले. काकांनी लग्न केलं नाही. ताईची खाट, ताईची औषधं आणि छापखाना, यात त्यांचं आयुष्य गेलं. नवी आवृत्ती निघाली की पहिली बांधलेली प्रत मालकांच्या आधी ताईंकडे जायची. आणि ताई उघडायच्या ते एकच पान. तळ्याकाठी आजारी माणसं पडून आहेत. मधूनच एक देवदूत उतरतो, पाणी हलवतो, आणि मग जो पहिला पाण्यात उतरेल तो बरा होतो. त्या अध्यायातलं हे चौथं वचन. त्या वचनावर ताई जगत होत्या म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी नवं भाषांतर छपाईला आलं. भाषांतरकारांच्या टिपा शेवटी यायच्या होत्या, त्या अजून आमच्या हातात नव्हत्या. वाचता वाचता ताईंच्या त्या पानावर आले. मी तीन वाचलं, पाच वाचलं. काकांचं बोट थांबलं.

"चार?"

"चार नाही. माझ्या प्रतीतही नाही."

"टंकलेखकानं खाल्लं," काका म्हणाले. आमच्याकडे नियम होता: शंका आली तर प्रश्नचिन्ह करायचं, पदरची भर घालायची नाही. हा नियम मला काकांनीच शिकवलेला. पण त्यांनी जुनं पुस्तकसुद्धा उघडलं नाही. सबंध वचन पानाच्या कडेला, समासात, तोंडपाठ लिहून काढलं, आत घ्यायची खूण केली, खाली सही ठोकली. मी बघत होते. बोलले नाही, कारण माझा चहा गार होत होता. खरं कारण एवढंच.

दुसरं मुद्रित निघालं तेव्हा भाषांतर समितीतले म्हातारे प्राध्यापक स्वतः आले. "हे कोणी घातलं?"

"मी. सुटलं होतं."

"सुटलं नव्हतं. जुन्यात जुन्या हस्तलिखित नकलांत हे वचन नाहीच." ते खुर्ची ओढून बसले. माणूस भला होता, आवाज चढवला नाही. "पाणी का हलतं, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून कोणा नक्कल करणाऱ्यानं कधीतरी समासात लिहिलं असावं. पुढच्याला वाटलं, सुटलंय. त्यानं आत घेतलं." मग त्यांनी पहिल्या मुद्रितातलं, समासात काकांचंच हस्ताक्षर असलेलं पान त्यांच्यापुढे सरकवलं. "असंच."

मला हसू आलं. काकांचा चेहरा बघितला आणि जीभ चावली.

आता ते वचन खोडून पानावर शेवटची सही करायची होती, आणि ती काकांचीच लागायची. तीन दिवस पान टेबलावर पडून राहिलं. काका चर्चच्या पाळकसाहेबांकडे जाऊन आले. पाळकसाहेब म्हणाले, मूळ लिखाण निर्दोष होतं, चुका नकला करताना झाल्या. प्राध्यापक म्हणत, देवानं माणसांकडून लिहून घेतलं ते त्यांच्याच डोक्यानं आणि त्यांच्याच हातानं, म्हणून धीर धरून शोधत राहावं लागतं. दोघेही श्रद्धाळू, दोघांनाही रात्री झोप लागत असणार.

"शास्त्राच्या शेवटी बजावलंय," काका मला म्हणाले. "यात भर घालू नका, यातलं काढू नका. मी आता काय करू? काढलं तरी मेलो, ठेवलं तरी मेलो."

"ठेवा की मग. ताईंसाठी ठेवा," मी वैतागून म्हणाले. "एका वचनानं कोणाचं काय बिघडतंय?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "ताई सव्वीस वर्षांची होती. एक डॉक्टर म्हणाला, दोन ऑपरेशनं करू, काठीनं चालेल. ती घाबरली. मला विचारलं. मी एकवीस वर्षांचा, सगळी वचनं तोंडपाठ. मी म्हणालो, ताई, लिहिलंय ते लिहिलंय. देवदूत येईल. घाई कशाला?"

"पुढे?"

"पुढे काय. दहा वर्षांनी तोच डॉक्टर म्हणाला, आता उशीर झाला." ते पानाकडे बघत राहिले. "वचन देवाचं असेल, तर मी त्याचं ऐकलं. नसेल, तर ताईचे पाय मी घालवले."

मला देवाचाही राग आला आणि काकांचाही, आणि त्या कुठल्या जन्मीच्या नक्कल करणाऱ्याचा तर सगळ्यात जास्त.

चौथ्या दिवशी त्यांनी वचन खोडलं. पट्टी लावून, सरळ रेघेत. सही केली आणि म्हणाले, "पुस्तक बांधून यायची वाट बघत नाही. दुपारी घरी चल. ताईला तूच वाचून दाखव, माझ्यानं वाचवणार नाही."

ताई उशीला टेकून बसल्या होत्या. मी पान हातात घेऊन नेहमीसारखं वाचू लागले. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. तीन झालं, मी पाच वाचलं, आणि त्यांचे ओठ थांबले.

"चार राहिलं, बाई."

"चार नव्हतंच, ताई," काका म्हणाले. "मागून कोणीतरी घातलं."

"पण पुढे तळ्याकाठचा तो आजारी माणूस म्हणतो ना, पाणी हलतं तेव्हा मला न्यायला कोणी नाही?"

"तो म्हणतो."

"देव म्हणत नाही?"

"नाही."

ताईंनी मांडीवरची चादर सारखी केली, पुन्हा एकदा सारखी केली.

"कोणी घातलं?"

"माहीत नाही," काका म्हणाले. "मायेपोटीच घातलं असेल. वाचणाऱ्याला धीर यावा म्हणून."

ताईंनी पहिल्यांदाच वर बघितलं, त्यांच्याकडे.

"इतकी माया होती, तर मला दवाखान्यात न्यायचं होतंस."

"हो, ताई," काका म्हणाले.