मुळाबरहुकूम : सातव्या खंडाखालची माझी सही

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मला बारा ते वीस ही नऊ प्रकरणे ईमेलने आली. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या प्रुफावर सही केली. अक्षय्य तृतीयेला पुस्तक प्रकाशित झाले. वटपौर्णिमेच्या सकाळी लिंबागणेशच्या फाट्यावर एका जिवंत माणसाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. दिवस सणांनी सांगतो, कारण सण लोकांच्या लक्षात राहतात. तारखा आणि पोचपावत्या माझ्या फाइलमध्ये आहेत. ज्याला पाहायच्या असतील त्याने घरी यावे.

यास जबाबदार चौघे. पहिले, पुण्यातील प्रकाशनसंस्थेचे संपादक. दुसरे, त्या संस्थेचे मालक. तिसरे, स्वतःला रसिक म्हणवून घेत तो फ्लेक्स छापणारे आणि लावणारे लोक. चौथा मी.

माझी ओळख कामापुरती देतो. तीस वर्षे मी न्यायालयाच्या नक्कल विभागात होतो. पक्षकाराने निकालाची प्रत मागितली की ती तयार करायची, मूळ कागदाशी ताडायची आणि खाली ‘मुळाबरहुकूम’ असे लिहून सही करायची, म्हणजे ही प्रत अस्सल कागदाप्रमाणेच आहे अशी हमी द्यायची. ताडण्याच्या कामाला आम्ही रुजुवात म्हणतो. एकाने नक्कल मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचे. निवृत्तीनंतर या प्रकाशनसंस्थेने मला मुद्रितशोधनाचे काम दिले. प्रूफ म्हणजे पुस्तक छापण्यापूर्वीची तपासणीची प्रत. शंका असेल तेथे समासात क्वेरी लिहायची आणि सर्व दुरुस्त झाल्यावर शेवटच्या पानावर प्रिंट ऑर्डर द्यायची. मी त्या पानावर जुन्या सवयीने ‘मुळाबरहुकूम’ लिहीत असे. संस्थेत त्याचे कौतुक होते.

गुरुलिंगअप्पा हिंगमिरे यांची कादंबरीमाला पहिल्या खंडापासून माझ्याकडे आली. अप्पांचे लिंबागणेशला किराणा दुकान. दुकानदाराला घाऊक व्यापाऱ्यांकडून दरवर्षी पाच-सहा कॅलेंडरे मिळतात. महिना संपला की अप्पा पान फाडत आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहीत. सहा खंड त्यांनी असेच लिहिले. प्रूफ तयार झाले की ते पानांची गुंडाळी बगलेत मारून एस.टी.ने बीडला माझ्या घरी येत. मी वाचायचो, ते मुळावर बोट ठेवून ऐकायचे. मध्येच थांबवून म्हणायचे, “इथं येसू इतक्या लवकर रडायची न्हाई हो, कारकून. खोडा ते.”

येसू ही या मालेची नायिका. निजामाच्या राज्यातील एका पाथरवटाची मुलगी. बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बांधण्यासाठी वेठीला धरून नेलेला तिचा भाऊ परतलेला नाही. नेणारा जमादार रंगराव. एकेका खंडात ती एकेका गावाच्या बारवेपर्यंत पोचते. सहावा खंड संपला तेव्हा सातवी बारव उरली होती आणि भाऊ जिवंत आहे की नाही हे अप्पांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. वाचकांनी चार वर्षे वाट पाहिली. उमापूरच्या शाळेतील शिक्षक वैजनाथ यांनी व्हॉट्सअॅपवर वाचकांचा ग्रुप काढला होता. दर रविवारी तेथे येसूच्या वाटेचे नकाशे काढले जात. वैजनाथांनी आपल्या मुलीचे नाव येसू ठेवले आहे. हे लोक उथळ नव्हते. म्हणूनच पुढचे मला अधिक लागले.

सातव्या खंडाची पहिली अकरा प्रकरणे नेहमीप्रमाणे आली. संस्थेने कॅलेंडरच्या पानांच्या झेरॉक्स पाठवल्या, अप्पांनी येऊन माझ्यासोबत प्रूफ ताडले. बाराव्यापासूनची प्रकरणे आली ती थेट टाइप केलेली. मी संपादकांना फोन केला.

“मूळ पाने कुठे आहेत?”

“अप्पांनी तोंडी सांगितलं सर, आमच्या माणसानं टाइप केलं.”

“मग रुजुवातीला अप्पांना पाठवा.”

“त्यांना बरं नाहीये. सर्दी-ताप. प्रकाशनाची तारीख जाहीर झालीय, बुकिंग घेतलंय. तुम्ही करून टाका ना.”

सतराव्या प्रकरणात येसू वैशाखात कपिलधारला जाते आणि कोसळत्या धबधब्याखाली भावाला ओळखते, असे होते. वैशाखात तेथे कोरडा कातळ असतो. अप्पांच्या घराण्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या कपिलधारला जात आली आहेत. ही चूक त्यांच्या हातून होणे शक्य नव्हते. मी समासात क्वेरी लिहिली : “वैशाखात पाणी कोठून? लेखकास विचारावे.” संपादकांचे उत्तर फोनवर आले.

“कादंबरी आहे सर, हवामान खात्याचा अहवाल नाही.”

विसाव्या प्रकरणात येसू रंगरावाशी लग्न करते. सहा खंड ज्याचा माग काढला त्याच्याशी. मी ते वाचून चष्मा काढून ठेवला. अप्पांना एक पत्र लिहिले, उत्तर आले नाही. मला वाटले, अप्पा रुसले. लिंबागणेश माझ्या घरापासून एस.टी.ने तासाभरावर आहे. मी गेलो नाही. शेवटच्या पानावर नेहमीप्रमाणे ‘मुळाबरहुकूम’ लिहिले आणि सही केली. नऊ प्रकरणांचे मूळ मी पाहिलेले नव्हते. न्यायालयात हेच केले असते तर निलंबित झालो असतो, आणि ते योग्य ठरले असते.

पुस्तक आले आणि आठवडाभरात ग्रुप फुटला. मी त्या ग्रुपमध्ये होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही. “अप्पा कपिलधारला कधी गेलता का न्हाई?” “येसूला विकली म्हाताऱ्यानं.” “कावून लिहिलं असं, एकदा येऊन सांग की बे.” ज्या माणसाला काल अप्पा म्हणत त्याला आज ‘बे’ म्हणू लागले. दुसरी बाजू म्हणे, लेखकाची मर्जी, तुम्ही कोण विचारणारे? मग दोन ग्रुप झाले. एकाने दुसऱ्यातील माणसांचे फोटो टाकून त्यांना गद्दार ठरवले. भाऊ कोठे सापडावा यावर चार वर्षे प्रेमाने वाद घालणारी माणसे एकमेकांच्या शाळांत आणि कार्यालयांत निनावी तक्रारी पाठवू लागली.

एक जण मात्र नेमके बोलला. “हे अप्पाचं लिहिणंच न्हाई,” असे त्याने लिहिले. त्यावर संस्थेने तत्काळ उत्तर दिले. माझ्या सहीच्या पानाचा फोटो प्रसिद्ध केला आणि खाली छापले की, न्यायालयात तीस वर्षे नकला प्रमाणित केलेल्या आमच्या मुद्रितशोधकांनी संपूर्ण खंड लेखकाच्या मूळ लेखनाप्रमाणे असल्याचे लिहून दिले आहे.

शंका तेथेच मिटली. आता लोकांपुढे अप्पाच गुन्हेगार उरले.

वटपौर्णिमेला फ्लेक्स लागला. अप्पांचा फोटो, त्याला हार, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘लेखक म्हणून सातव्या खंडात निधन’. हे खालचे अक्षर बारीक होते. एस.टी.तून जाणाऱ्याला वरचेच दिसले. दुपारपर्यंत चार गावांचे लोक टोप्या काढून दुकानापुढे उभे राहिले. अप्पांच्या बाजूचे तरुण फ्लेक्स फाडायला गेले, दुसरे आडवे आले, आणि एकाचे डोके फुटले. पोलिसांनी अदखलपात्र गुन्हा नोंदवला. म्हणजे न्यायालयाच्या परवानगीवाचून तपास होत नाही. म्हणजे काहीच झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी लिंबागणेशला गेलो. जे गुढीपाडव्यापूर्वी करायचे होते ते तेव्हा केले.

दुकानात अप्पांची मुलगी सुमित्रा होती. गिऱ्हाइकाची साखर बांधून झाल्यावरच तिने माझ्याकडे पाहिले.

“या काका. तुमी बी माळ घालायला आलाव का?”

“अप्पा कुठे आहेत?”

“आत हायेत. संक्रांतीच्या आधी लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली.”

मी पोत्यावर बसलो. “मला सर्दी-ताप सांगितला.”

“कोनी?”

“संपादकांनी.”

“त्यांनीच मला सांगितलं, बाहेर बोलू नका, बुकिंग तुटंल. लकवा झाला तवा बाराव्या प्रकरणाचं अर्धं पान झालतं. ते म्हनले, राहिलेलं आमी दुसऱ्याकडून लिहून घेतो, पुस्तकात पहिल्याच पानावर तसं छापतो. मी हो म्हनलं. चार वर्षं लोक वाट बघत हायेत, म्हनून हो म्हनलं.” ती आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. “पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. कुठं न्हाई. मग मोबाइलवर ते आलं. तुमचीच सही हाय ना ती?”

“माझीच.”

“बघितलं होतं का तुमी मूळ?”

मी नाही म्हणालो. तिने आवाज चढवला नाही. “अप्पा सगळ्यांला सांगायचे, कारकुनाच्या नजरेतून काना-मात्रा सुटत न्हाई.”

अप्पा आत खाटेवर होते. मला पाहताच त्यांनी डावा हात उचलून कोनाड्याकडे केला. तेथे कॅलेंडरची गुंडाळी होती. सर्वांत वरच्या पानावर बाराव्या प्रकरणाचे अर्धे पान, त्यांच्या चौकोनी अक्षरात, आणि शेवटची ओळ कागदावरून खाली घसरत गेलेली. येसू सातव्या बारवेच्या पायऱ्यांशी पोचलीही नव्हती. मी ते अर्धे पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी डाव्या हाताचे बोट ओळींवरून फिरवले. ओळ संपली तेथे बोट थांबले आणि ते माझ्याकडे पाहत राहिले. भाऊ जिवंत आहे की नाही, हे मी त्यांना विचारले नाही. ते उत्तर देऊ शकत नाहीत, आणि विचारण्याचा अधिकार मी गमावला आहे.

त्या रविवारी मी उमापूरला गेलो. वैजनाथांच्या घरी दोन्ही ग्रुपची दहा-बारा माणसे जमवली. अर्ध्या पानाचा फोटो दाखवला, सर्व सांगितले. मग एक जण म्हणाला, “काका, तवा खरं लिहून दिलतं का आता खरं सांगता?”

“तेव्हा चूक केली.”

“कोर्टातला माणूस चूक करतो व्हय? म्हाताऱ्याला वाचवायला आलाय तुमी.”

दुसरा त्याच्यावर ओरडला, “आरं, फ्लेक्स कोनाच्या दुकानात छापला ते सांग की आधी!” आणि पुन्हा तेच सुरू झाले. वैजनाथांनी मला दारापर्यंत सोडले.

“माझा इश्वास हाय तुमच्यावर,” ते हळू आवाजात म्हणाले. “पन काका, मी बी लिहिलतं ग्रुपवर. येसूला विकली, हे माझंच वाक्य. आता अप्पाला तोंड कसं दाखवू?”

“जाऊन दाखवा,” मी म्हणालो. ते अजून गेलेले नाहीत.

त्यानंतर मी संस्थेला तीन पत्रे पाठवली. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ कडे लक्ष वेधले. स्वतःच्या लेखनाची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागत असेल तर दाद मागण्याचा हक्क लेखकाला ते कलम देते, आणि हा हक्क लेखन विकल्यावरही त्याच्याकडेच राहतो. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याला दोन ओळी आल्या : “आपण स्वतः दिलेल्या प्रमाणपत्रामुळे हा विषय संस्थेच्या दृष्टीने संपला आहे. सोबत नव्या आवृत्तीची प्रत सप्रेम.” नव्या आवृत्तीतही पहिल्या पानावर काही नाही. माझ्या सहीचे पान मात्र परिशिष्ट म्हणून जोडले आहे.

वकिलांना भेटलो. ते म्हणाले, अप्पांना बोलून किंवा लिहून जबानी देता येत नाही, आणि त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी दावा लावायचा तर अप्पांना स्वतःचे हित कळत नाही असे आधी न्यायालयापुढे मांडावे लागेल. मी हे सुमित्राला सांगितले.

“म्हंजे अप्पाला मीच वेडं म्हनू?” तिने विचारले. “लोकांनी मेला म्हनलं तेवढं पुरे हाय.”

दावा झाला नाही.

नक्कल विभागात नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. अस्सल कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही. साहेब घाई करोत, पक्षकार रडो. मी ती कित्येकांना शिकवली आहे. ती गोष्ट कादंबरीलाही लागू आहे, हे मला या वयात कळले. माझे ते प्रमाणपत्र खोटे आहे आणि मी ते या लेखाद्वारे मागे घेतो. त्याबद्दल जी कारवाई व्हायची ती माझ्यावर व्हावी.

आता संपादक आणि मालक यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत. बारा ते वीस ही प्रकरणे कोणी लिहिली? पहिल्या पानावरची कबूल केलेली टीप कोणी काढली? लेखक बोलू शकत नाही हे ठाऊक असताना त्याच्या विरोधात माझी सही कोणी प्रसिद्ध केली? उत्तर मला खासगी पत्राने नको. ते वर्तमानपत्रात छापावे, दोन्ही ग्रुपवर टाकावे, आणि दोघांपैकी एकाने लिंबागणेशला येऊन दुकानापुढे उभे राहून मोठ्याने वाचावे. अप्पांची वाचा गेली आहे. त्यांना ऐकू येते.