नुसतं नाव

त्या रविवारी भुकूमच्या रस्त्यावर मुळशी धरणाकडे निघालेल्या गाड्या सकाळपासून हॉर्न बडवत होत्या आणि मी फ्लॅटमध्ये एकटी लॅपटॉपला चिकटून बसले होते. आदल्या दिवशी आम्ही ऑफिसचा डेटाबेस नव्या व्हर्जनवर नेला होता. तेव्हापासून एकही रिपोर्ट उघडेना. दरवेळी एकच उत्तर, परवानगी नाही. सगळ्यांच्या परवानग्या मी पुन्हा दिल्या, तरी तेच. साहेब सारखे फोन करून विचारत होते, "झालं का?" झालं असतं तर सांगितलं नसतं का!

दुपारी कारण सापडलं. ते सगळे रिपोर्ट माझ्या मैत्रिणीने बनवलेले होते. आम्ही एकाच ऑफिसात होतो आणि याच फ्लॅटमध्ये राहायचो. लग्न करून ती कॅनडाला गेली, तेव्हा नियमाप्रमाणे तिचं खातं काढून टाकलं गेलं. जुन्या व्हर्जनने तिकडे काणाडोळा केला. नवं मात्र रिपोर्ट उघडण्याआधी तो बनवणारीला शोधायचं, आणि ती सापडायची नाही.

मी तिच्या नावाचं खातं पुन्हा तयार केलं. त्यातून कुणालाच लॉगिन करता येणार नव्हतं. त्या नावाला वाचायची परवानगी दिली आणि रिपोर्ट धडाधड उघडले. साहेबांना कळवलं, तर त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

मग तिला मेसेज लिहिला, 'तुझ्यावाचून इथे काही चालत नाही गं.' तिकडे रात्र असेल, असं म्हणून पुसून टाकला.

डेटाबेसचं काय, त्याचं नुसत्या नावावर भागतं.