माळावरची डॉक्टरीण

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. कोरोनात कॉलेज बंद पडलं आणि मी कुरवंड्याला घरी येऊन बसले, तेव्हा गावानं मला परस्पर डॉक्टरच करून टाकलं. कुणाची कंबर धरली की मी, कुणाचं पोरगं ओकायला लागलं की मी. अहो, मी वर्षभर मेलेली माणसं चिरायला शिकले होते! जिवंत माणसाला हात लावायचं वर्ष मोबाइलवर चाललं होतं. पण ऐकतंय कोण.

घरात रेंज नव्हती. लेक्चरसाठी माळावर जायचं आणि नागफणीच्या सुळक्याकडे तोंड करून कातळावर बसायचं. लेक्चर संपलं तरी मी उठायची नाही. परीक्षा होणार, नाही होणार, कुणाचे वडील गेले, कुणाला बेड हवाय, सगळं ग्रुपवर. वाचलं की छातीत धडधडायचं आणि नाही वाचलं तर त्याहून जास्त. आई म्हणायची, "त्या डबड्याला चिकटलीस ती चिकटलीसच." मी तिच्यावर खेकसायची. बॅटरी संपली की रडू यायचं, खोटं नाही सांगत.

शेजारच्या घरात माझे चुलते-चुलती राहायचे, नाना आणि काकू. काकूला ताप आला आणि पाचव्या दिवशी धाप लागली. आरोग्यखात्याच्या आशाताईंनी दिलेलं ऑक्सिमीटर बोटाला लावलं, तर आकडा नव्वदच्या खाली. लोणावळ्यात बेड नाही, हे नाना सकाळीच विचारून आले होते. दारात उभे राहून म्हणाले, "आता तूच बघ पोरी. आमाला काय कळतंय?"

मी काय बघणार, कपाळ? मोबाइल उचलला आणि माळाकडे निघाले. काकू म्हणाली, "बस की हितं जरा." मी म्हटलं, "आलेच गं, बेड तेवढा बघते."

उन्हात तीन तास गेले. एक नंबर बंद, दुसरीकडे सगळं भरलेलं. तिसऱ्यावर एक बाई कडाडली, "कालपासून जीव खाल्लाय सगळ्यांनी! हा दवाखाना नाही, किराण्याचं दुकान आहे!" मधेच मी दुसऱ्यांच्या मेसेजना उत्तरं देत होते, आलेलं पुढं पाठवत होते. बोटं थांबतच नव्हती. काहीतरी करतेय असं वाटत होतं, तेवढाच आधार.

शेवटी तळेगावात बेड मिळाला. धावत खाली आले. नानांनी भाजीचा पिकअप आणून ठेवलेला. काकू उताणी पडली होती, ओठ निळे. तळेगावच्या वाटेवर, कामशेतच्या अलीकडेच ती गेली. मी तिची नाडी धरून बसले होते. तेवढंच येत होतं मला.

तेरावं झाल्यावर नाना मोबाइल घेऊन आले. लोणावळ्याला गेल्यावर त्यांचे अडकलेले मेसेज आले होते. "हे तूच धाडलंस ना घरच्या ग्रुपवर?"

व्हिडिओ होता. धाप लागली तर माणसाला पालथं झोपवा, ऑक्सिजन वाढतो. त्याच दिवशी माळावरून मी तो सापडेल त्या ग्रुपवर ढकलला होता. पाहूनच ढकलला होता. आणि काकूच्या घरात कुणाला एका शब्दानं बोलले नव्हते. मेलेच मी.

"तिला पालथं झोपवायचं व्हतं का गं?" नानांनी विचारलं. "म्या उशी दिऊन उताणीच ठिवली, दिसभर."

"काही उपयोग झाला नसता, नाना." झाला असता का, मला आजही माहीत नाही.

नानांनी मोबाइल खिशात ठेवला. मग त्यांचे खांदे सैल पडले.

"व्हय, तुला ठाऊक. मंग माजं काय चुकलं न्हाई," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.