बाकाखालचे बूट

ऑस्लोतल्या आमच्या चर्चमध्ये सगळे बूट घालूनच बसतात. बाहेर बर्फाचा चिखल, त्यांचंही बरोबरच आहे. नगरकडे आमच्या गावात ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात आणि चपला दाराशी काढून आत जातात. म्हणून मी इथेही बाकाखाली गुपचूप बूट काढते. इंग्रजीत उपासना सुरू होते, देशोदेशीची माणसं गातात, मीही ओठ हलवते. आत काहीच हलत नाही. याला श्रद्धा कसं म्हणू? आणि नुसती सवय असती, तर ती गावीच नसती का राहिली? गार फरशीवर पाय बधिर होतात, मग तेही जाणवेनासं होतं.

परवा प्रभुभोजनासाठी उठले, तेव्हा शेजारच्या इथिओपियन बाईंनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं. त्यांचेही बूट बाकाखाली होते.

“तुमच्याकडेही काढतात?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो.”

एवढंच बोलणं झालं. दोघी नुसत्या मोज्यांवरच रांगेतून पुढे गेलो, भाकर घेतली, द्राक्षारस घेतला. परत येऊन बसले, तर मन तसंच सुन्न होतं. पायांना मात्र मुंग्या येऊ लागल्या होत्या.