समुद्राला टावेल-टोपी

समुद्राचा विषय आमच्या घरात पहिल्यांदा काढला तो माझ्या सासूनं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. मी तिला आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. आत्याचा जन्म गेला पाचोडच्या बाजूला, मेंढरांमागं. बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याच्याच रानात चूल मांडायची. अशी बाई. चहात साखर कमी पडली तरी मागायची नाही. त्या दिवशी शहरातल्या आमच्या गारखेड्याच्या घरात मी साडीला फॉल लावत बसले होते आणि माझी लेक आजीला मोबाइलवर मैत्रिणीच्या सहलीचे फोटो दाखवत होती. आत्यानं मोबाइल हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाली, "मला हितं न्या."

"आजी, तो समुद्र आहे," लेक म्हणाली.

"व्हय, दिसतंय की मला. आंधळी नाय मी."

मी शिवण खाली ठेवलं. तिला समुद्र कशाला बघायचाय ते मला तेव्हाच कळलं.

माझे सासरे दोन वर्षांपूर्वी गेले, ऐन पावसाळ्यात. त्या वर्षी धरण भरलेलं आणि दरवाजे उघडलेले. आम्ही राख पैठणला गंगेत सोडायला गेलो. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. एरवी धरणाच्या खाली नदीत खडक उघडे पडलेले असतात, पण त्या दिवशी पाणी असं धावत होतं की राख पडली आणि गेली. आत्या काठावर नुसती बघत राहिली. "कुठं गेलं?" तिनं विचारलं. क्रिया करणारे गुरुजी घाईत होते. म्हणाले, "समुद्राला, आजी. गंगामाय शेवटी समुद्रालाच मिळते." तेवढं वाक्य तिनं पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

पुढचं सांगायला मला जड जातं, पण सांगते. सासऱ्यांनी जाताना एकच गोष्ट बजावली होती : मेंढरं मोडू नका. आणि आम्ही मोडली. आम्ही कसली, मीच. आत्याचे गुडघे गेलेले, आमचे हे चिकलठाण्याला कारखान्यात पाळीवर, रानात म्हातारी एकटी. मी रोज एकच धोशा लावला, विका आणि शहरात चला. शेवटी तिनं पाचोडच्या बाजारात सगळी मेंढरं विकली. त्या दिवशी ती रडली नाही, जेवलीही नाही. त्यानंतर एकदाच माझ्याजवळ बोलली, "त्यांला सांगायचं राहिलं बग. त्यांला वाटत आसल, मेंढरं हायती आजून." आता तिला समुद्रावर जायचं होतं, कारण तिच्या हिशोबानं सासरे तिथं पोचले होते. तिला त्यांना जाऊन सांगायचं होतं की मेंढरं विकली.

आता अशा कामाला तुम्ही सहल म्हणाल का? पण माझ्या लेकीनं म्हटलं. ती अंदमानपासूनच सुरू झाली. निळं पाणी, काचेच्या तळाच्या होड्या, विमान. आमचे हे म्हणाले, "विमान रोज माझ्या डोक्यावरनं जातं बाई, बसायचं नाव काढू नको." मग गोवा. मग गोव्याचे भाव बघून सगळे गप्प. शेवटी कोकणावर आलो, तेही दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, आडवारी. लेकीनं वहीत मथळा लिहिला, आयलंड हॉपिंग, आणि आजीला समजावून सांगितलं की आज या बेटावर, उद्या त्या बेटावर, असं फिरायचं.

"मंजी तळ हलवत ऱ्हायाचं," आत्या म्हणाली. "मंग त्याला एवढं इंग्रजी कशाला?"

आणि खरं सांगते, त्या दिवसापासून सहल तिनंच आखली. आमच्या तिघांचं डोकं कुठल्या हॉटेलात कसली गादी यातच अडकलेलं. ती विचारायची ते वेगळंच. मुक्कामाला पाणी कुठलं? सावली कुठं? सकाळी निघायचं तर उन्हाच्या आधी की नंतर? भाकरी किती दिवस टिकतील, धपाटे किती दिवस? जन्मभर पोराबाळांसकट, जनावरांसकट चालत गेलेली बाई होती ती. मी तिला अडाणी समजत होते, देवा. माझी मलाच लाज वाटली. खोली तिच्याच सांगण्यावरून अलिबागला समुद्रापासून दोन गल्ल्या आत, एका घरगुती खानावळीच्या माडीवर धरली. "पाण्याकाठची जागा नेहमी महाग आन् डासांची," ती म्हणाली. एसटीत तिचं तिकीट फुकट, कारण आधार कार्डावर वय पंच्याहत्तरच्या पुढं लिहिलंय. खरं किती ते तिलाही ठाऊक नाही. आम्हा मायलेकींचं अर्धं. पूर्ण तिकीट फक्त आमच्या ह्यांचं, आणि ते त्यांनी वाटभर ऐकवलं.

तिचे प्रश्न मात्र संपेनात. लेक मोबाइलमध्ये शोधून उत्तरं द्यायची. वहीत लिहिलेल्या त्या पाण्यातल्या किल्ल्यात माणसं राहायची तर पीत काय होती? लेकीनं वाचून सांगितलं की मुरूडच्या जंजिऱ्यात आतमध्ये गोड्या पाण्याचं तळं आहे. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि मधोमध गोडं. आत्याचा हात तोंडाशी गेला. "आगं माय," ती म्हणाली. मी पोळ्या लाटता लाटता थांबले. शाळेत मीही हे कधीतरी वाचलं असणार, पण ऐकल्यासारखं आत्ताच ऐकलं. तव्यावरची पोळी करपली.

निघायच्या दोन दिवस आधी लेकीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. मोबाइलवर नकाशा. "आई, एक घोळ आहे. गोदावरी इकडं जातच नाही. ही बघ, अशी उजवीकडं, नांदेडवरून, तेलंगणा, आंध्र. आपण निघालोय डावीकडं. समुद्रच वेगळा."

मी नकाशा बघत राहिले. निळी रेघ खरंच दुसरीकडं चालली होती. तिकडं जायचं म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, ह्यांची रजा नाही, आणि माझी पैशांची जमवाजमव कोकणापुरतीच. "गप बस," मी म्हणाले. "आजीला एक शब्द बोलायचा नाही."

"पण आई, खोटं..."

"समुद्र तो समुद्र. गप म्हटलं ना!"

पोरगी गप बसली. मी मात्र बसले नाही, आतल्या आत. एक तर मेंढरं मी विकायला लावली, आणि आता तो निरोपही चुकीच्या पत्त्यावर नेत होते.

पिशव्या भरताना आत्याच्या पिशवीत मला नवा टावेल सापडला. कोरा, घडीचा. त्यात पांढरी टोपी, एक नारळ, हळदकुंकवाची पुडी. "आत्या, हे कुणाला?"

"समुद्राला."

मला हसूच फुटलं. "समुद्राला टावेल-टोपी?"

"आगं, नदीची ओटी भरतेत. नदी बाई हाय. समुद्र बाप्या हाय का नाय? बाप्याची ओटी भरतेत व्हय कुठं, येडे?" ती रागावलीच. "आन् आपली गंगामाय त्याच्या घरात दिलीया. मंजी तो आपला पावणा. पावण्याच्या दारात रिकाम्या हातानं जातेत का?"

मी हसत होते ती थांबले. टावेल-टोपी तिनं पाचोडच्या बाजारातून आणली होती. भावकीत लग्न आहे म्हणून गेली होती गेल्या आठवड्यात. मेंढरं विकल्यापासून त्या बाजारात तिनं पाऊल टाकलं नव्हतं, ते यासाठी टाकलं. मी घडी परत नीट बसवली आणि पिशवी बंद केली.

अलिबागला पोचलो तेव्हा सकाळ होती. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि समोर तो दिसला. मी काय सांगू? फोटो शंभर बघितले होते. पण एवढं? एवढं सगळं पाणी, आणि कुणी धरून ठेवलेलं नाही, भिंत नाही, दरवाजे नाहीत. धरणाचा फुगवटा बघितलेली माणसं आम्ही, आम्हाला वाटायचं पाणी आपल्याला माहितीय. आमच्या ह्यांनी हात जोडले, ज्यांना मी देवळातसुद्धा हात जोडताना कधी बघितलं नाही. आत्या वाळूतच बसली. पाणी बोटाला लावून चाखलं, तोंड वाकडं केलं आणि हसली. समोर पाण्यात इथलाही एक किल्ला उभा होता. "होडी लागंल," हे म्हणाले. शेजारचा घोडागाडीवाला म्हणाला, "होडी कशाला? दुपारी चालत जा."

आम्हाला वाटलं थट्टा करतोय. पण डोळ्यांदेखत पाणी मागं सरकू लागलं. दुपारी किल्ल्यापर्यंत ओली वाळू उघडी पडली आणि आम्ही पायात चिखल घेत चालत गेलो. आत्या दर चार पावलांवर थांबायची. "एवढं पाणी गेलं कुठं?"

"परत येतंय आजी, वेळेवर," लेक म्हणाली. "दिवसातून दोनदा."

"सकाळी चरायला जातं, सांजंला येतं," आत्या म्हणाली. "आन् मागं हाकाया गडी नाय. कोन हाकतं गं याला?"

लेकीनं चंद्राचं काहीतरी सांगितलं. आत्यानं वर बघितलं, दुपारच्या उन्हात चंद्र कुठला दिसतो, पण तिनं शोधला. किल्ल्याच्या दारातून तिनं पुन्हा मागं बघितलं आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला. पिशवी मात्र तिनं उघडली नाही. "हितं नाय," म्हणाली. "पाण्याच्या मधी गेल्यावर."

मधे म्हणजे जंजिरा. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं मुरूड गाठलं आणि किल्ल्याला जाणाऱ्या शिडाच्या होडीत बसलो. आत्या कडेला, पिशवी मांडीवर, मी तिला चिकटून. होडीवाला म्हातारा होता, उन्हानं रापलेला, सुकाणू काखेत धरून उभा. किनारा मागं पडला, पाण्याचा आवाज बदलला. आत्यानं पिशवीतून टावेल-टोपी काढली, नारळ काढला, आणि त्याला विचारलं, "दादा, गोदावरी कुठंशी येऊन मिळती हितं?"

मी तिचा दंड धरला.

"गोदावरी? ती इकडं नाय येत, आजी. ती पार पलीकडच्या समुद्राला जाते."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घातली. माझं सगळं तोंडावर लिहिलेलं असणार, कारण तिनं मला काही विचारलंच नाही. होडी दोनदा वर-खाली झाली. मग तिनं त्यालाच विचारलं, "त्यो पलीकडचा आन् ह्यो, भाऊबंद हायती का?"

"भाऊबंद काय, एकच तो. नावं आपण ठेवली. पाण्यात बांध असतो का, आजी?"

बांधावरून पिढ्यान् पिढ्या भांडणारी माणसं आमची. त्यात बांध नाही, हे ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या तोंडावर पूर्वी कधी बघितलं नव्हतं. तिनं टावेल उचलला तसा होडीवाला घाईनं म्हणाला, "नारळ सोडा, पण कापड नको. कापड पाण्यात लवकर सडत नाय, जाळ्यात गुंतून बसतं."

आत्या पेचात पडली. हातात आहेर आणि पावणा घेईना. मग ती माझा खांदा धरून त्या हलत्या होडीत उभी राहिली. "तुमी याच्याच घरचं ना?" तिनं विचारलं. त्यानं आधी पाण्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "हो," म्हणाला, "याच्याच घरचा." आणि त्यानं डोक्यावरची मळकी टोपी काढून खिशात कोंबली आणि मान खाली केली. आत्यानं त्याच्या डोक्यावर नवी टोपी ठेवली, खांद्यावर टावेल टाकला, वाकून नमस्कार केला.

नारळ तिनं हळूच पाण्यात सोडला. मग कडेवर वाकली, हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला आणि या रानातून त्या रानात हाक मारावी तशी मोठ्यानं बोलली, "आवं! मेंढरं इकली. म्या इकली, माझ्या मनानं. सूनबाईचा त्यात काय बी हात नाय. तिला बोल लावायचा नाय तुमी."

मी तिथंच रडले, मोठ्यानं, लाज न धरता. आत्यानं ओल्या, खाऱ्या हातानंच माझं तोंड पुसलं.

"गप," ती म्हणाली. "झालं सांगून. चल, आता ते गोड पाणी कुठंय त्ये दाव मला."