उजव्या पायाचा आवाज

लांज्याजवळच्या एका वाडीतले जाखडीचे (गौरी-गणपतीत फेर धरून करायचा पुरुषांचा नाच) गुरू सोनूबुवा २००१ सालच्या आषाढात वारले. निरोपाचा शेवटचा फेर फक्त त्यांना येत होता. त्या फेरात गोल फिरतानाही गौरीकडे कुणाची पाठ होत नाही. आदल्या वर्षी त्यांनी तो एकट्याने नाचून दाखवला, तेव्हा मी ध्वनिमुद्रण केले होते. भाद्रपदात, गौरी विसर्जनाच्या दिवशी, ती कॅसेट घेऊन मी रत्नागिरीहून सकाळची एसटी पकडली.

लांज्यापासून तासभर चालायचे होते. सड्यावर (कातळाच्या माळावर) पाणी साचले होते. पाय घसरून चपलेचा अंगठा तुटला. उरलेली वाट अनवाणी गेलो. खाली भात पोटरीला आले होते.

खळ्यात (अंगणात) बुवांचा पुतण्या तुकाराम सात जणांसह वाट पाहत होता. तो मुंबईहून रजा काढून आला होता.

"चपला कुठं सोडल्यात?"

"सड्यावर तुटल्या."

"म्हंजे तुमीपन नाचायला मोकळं," एक जण म्हणाला. सगळे हसले.

बुवांच्या पत्नी पार्वतीकाकींनी घावणे आणि काळ्या वाटाण्यांची आमटी वाढली. मग टेप लावला. तुकारामने उजव्या पायात चाळ (घुंगरांचा पट्टा) बांधला. या वाडीत तो एकाच पायात बांधतात. दोनदा ऐकल्यावर त्याचा उजवा पाय बरोबर पडू लागला. मग तो थांबला.

"डावा कुठं हाय?"

"म्हणजे?"

"डाव्याला चाळ नाय वो. तो वाजत नाय. फोटू काढलेत ना?"

फोटो तीन होते. तिन्ही कमरेच्या वरचे.

"तोंडाचंच काढलेत व्हय?" तो काकींकडे वळला. "काकी, तू सांग. इतकी वर्सं बगितलंस."

"बगितलं कुठं? मी चुलीपाशी. नुसतं ऐकलं."

त्याने डावा पाय पुढे टाकून पाहिला, मागे टाकून पाहिला. दर वेळी ओटीवर (पडवीत) बसवलेल्या गौरीसमोर आला की तो तिच्याकडे पाठ करूनच वळत होता. तिसऱ्यांदा काकी दाराशी येऊन म्हणाल्या, "पाठ झाली रे."

दुपारी नाच झाला. शेवटच्या फेराला आठही जण गौरीकडे तोंड करून जागीच उभे राहिले. टेप चालू होता. तो संपल्यावर गौर व्हाळावर (ओढ्यावर) नेली.

कॅसेट तुकारामकडे ठेवून मी संध्याकाळच्या एसटीने परतलो. माझ्या आदल्या वर्षीच्या वहीत त्या फेराची नोंद एका ओळीची आहे : 'शेवटचा फेर. आवाज स्वच्छ आला.'